इंदुरात कुठे खायचं ते नंतर, आधी किती वाजलेत ते सांगा

मागच्या अंकात भुट्ट्याच्या किसाबद्दल (मक्याचं कणीस किसून करतात तो) चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर, मेलवर नुसते खाण्याचेच प्रश्न येताहेत, म्हणून यावेळी अख्खं सदर त्यालाच दिलंय. निम्म्याहून जास्त जणांनी एकच विचारलंय, इंदूरला येतोय, कुठे खाऊ? मी रामबागेत वाढले, लग्नानंतरही याच शहरात राहिले आणि मला अगदी मनापासून वाटतं की इथे कुठे हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न केव्हा हा. सकाळचे पोहे अकरानंतर पोहे राहत नाहीत, गराडू हा थंडीतला कंद, तो उन्हाळ्यात मागू नये, आणि सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, संध्याकाळी सहाला गेलात तर सोन्या-चांदीची दुकानं बघून परत याल. वेळ जमली की साध्या ठेल्यावरही जीव सुखावतो. एवढं लक्षात ठेवून खालची उत्तरं वाचा.

ताई, आम्ही पुण्याहून सहा जण येतोय, त्यात सासू-सासरे सत्तरीचे, सासऱ्यांना शुगर आहे. उज्जैन आणि ओंकारेश्वर झालं की इंदूरला एकच दिवस हातात आहे, सकाळी पोचणार, दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार. मोबाइलवर शोधलं तर चाळीस दुकानांची यादी निघाली. काय ठेवू आणि काय गाळू?
— एक वाचक, कोथरूड

आधी ती यादी बंद करा. एका दिवसात चाळीस दुकानं कोणाच्याच पोटाला झेपत नाहीत, सहा जण असलात तरी नाहीत, आणि अशा यादीच्या मागे धावताना माझ्या नणंदेकडचे पाहुणे एकदा एका दुकानासमोर पाऊण तास उभे राहिले, हातात आलं ते गार, आणि नंतर सराफ्यात पाऊल ठेवेपर्यंत सगळे इतके दमले होते की दोन पदार्थ खाऊन रिक्षा शोधायला लागले. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा, कारण शहर आमचं आणि हिरमुसले ते.

सकाळी पोचताय ना, मग हॉटेलात नाश्ता धरलेला असला तरी तो सोडा आणि साडेआठ-नऊच्या आत पोहे खा. राजवाड्याच्या आसपास राहत असाल तर उसळ-पोहे खा, प्रशांत किंवा हेड साहब, दोन्ही नावं कोणत्याही रिक्षावाल्याला माहीत आहेत. साध्या पोह्यांवर तिखट रस्सेदार उसळ, वर शेव, कांदा, लिंबू. सासूबाईंना तिखट चालत नसेल तर साधे पोहे घ्या आणि सोबत जिलबी, दोन्ही एकाच घासात खायची नाही, एक घास याचा, एक तुकडा तिचा.

दुपारी तुम्हाला एक निर्णय घ्यावा लागेल. दाल-बाफले ही माळव्याची खरी मेजवानी, कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडतात मग भाजतात (बाटी आणि बाफल्यात फरक आहे तो या उकडण्याचाच, त्यामुळे आतून मऊ राहतो), मग तुपात बुडवतात, सोबत डाळ, कढी, चटणी, लाडू. पण हे दुपारी दीडला पोटभर खाल्लं तर रात्री सराफा विसरा, मी अतिशयोक्ती करत नाहीये, संध्याकाळी सातपर्यंत डोळे उघडत नाहीत. एकच दिवस असेल तर मी बाफले गाळीन. दुपारी साधं वरण-भात किंवा ताक-भात, आणि सासू-सासऱ्यांना दोन तास आडवं होऊ द्या.

संध्याकाळी पाच-साडेपाचला छप्पन. न्यू पलासियातली छप्पन दुकान, मोजून छप्पन दुकानं म्हणून ते नाव. आता तिथला रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, बसायला जागा आहे, म्हणून वयस्कर माणसांना मी सराफ्याआधी इथे नेते. विजय चाट हाउसचं खोपरा पॅटिस घ्या, बटाट्याच्या आवरणात ओल्या खोबऱ्याचं सारण, आपल्या कोकणातल्या माणसालाही आपलं वाटेल असं. दोघांत एक घ्या, रात्र बाकी आहे.

सराफ्यात नऊनंतरच जा. दिवसा ही सराफांची गल्ली, आठ-साडेआठपासून एकेक शटर पडायला लागतं आणि त्याच ओट्यांसमोर ठेले लागतात, मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतं. माझे आजोबा सांगायचे की रात्री माणसांची जाग असली म्हणजे दुकानांची राखण आपोआप होते म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, इंदुरात सगळ्याच घरात हे असंच सांगतात. गाडी गल्लीपर्यंत न्यायचा हट्ट करू नका, राजवाड्यापाशी उतरा, तिथून पायी पाच मिनिटं आणि वाटेत राजवाड्याचे सात मजले दिव्यांत बघायला मिळतात.

आणि तिथे खायचा एक क्रम असतो. आधी गरम आणि तिखट, म्हणजे भुट्ट्याचा कीस, हिवाळा असेल तर गराडू, मग मध्ये जोशींचा दहीवडा, शेवटी गोड. सहा जणांत प्रत्येक पदार्थाच्या दोनच प्लेटी. दहीवड्याला थोडं थांबावं लागलं तरी थांबा, दह्याने भरलेला द्रोण हवेत उंच उडवून परत झेलतात आणि एक थेंब सांडत नाही, आणि मग एकाच चिमटीत चार-पाच मसाले धरून एकेक वेगळा सोडतात, तुमची मुलं हे वर्षभर सांगत राहतील. गोडात एक जलेबा, म्हणजे भली मोठी जिलबी, घ्या, एकच, तो पाव किलोच्या घरात भरतो आणि सहा जणांना पुरतो. ज्यांना पातळ गोड आवडतं त्यांनी शिकंजी प्यावी, पण ती लिंबाची समजू नका, इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, केशर, वेलची, सुकामेवा, चमच्याने खावी इतकी दाट.

सासऱ्यांचं मात्र सांभाळा. सराफ्यात बहुतेक सगळं एकतर गोड नाहीतर तळलेलं, आणि दहीवड्याच्या दह्यातही साखर असते, आधी विचारून घ्या. त्यांचं रात्रीचं जेवण आणि गोळी रोजच्या वेळेवर होऊ द्या, मग त्यांना फिरायला आणा आणि सगळ्यांच्या द्रोणातला एकेक घास द्या. माझे बाबा शेवटची आठ वर्षं असेच यायचे, घरी जेवून, आणि आमच्यापेक्षा जास्त तेच रमायचे.

काकू, मी जळगावचा, भंवरकुआंला रूम घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. मेसचं जेवण जमत नाही म्हणून दोन महिन्यांपासून सकाळी पोहे, दुपारी कचोरी-समोसा, रात्री काहीतरी बाहेरच खातो. आता पित्त होतंय आणि घरची खूप आठवण येते. स्वस्तात चांगलं कुठे खाऊ?
— एक विद्यार्थी

बाळा, सकाळचे पोहे चालू ठेव. वाफेवरचे असतात, तेल कमी, पोटाला हलके, फक्त वरची शेव अर्धी सांग. तुझं बिघडतंय ते दुपारी. कचोरी हे जेवण नाही रे, कितीही छान लागली तरी, आणि सलग दोन महिने दुपारी मैदा आणि तेल पोटात गेलं तर पित्त होणारच.

एक कर. इंदुरात मराठी घरं भरपूर आहेत, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, वैशाली नगर, इकडे फिर, आणि या वस्त्यांमधल्या कितीतरी बायका पोळी-भाजीचे डबे देतात. त्यांची पाटी नसते, अ‍ॅपवर नसतात. किराणा दुकानदाराला विचार, गणपतीच्या देवळातल्या काकांना विचार, "मराठी डबा कोण देतं" एवढंच म्हण. आमच्या गल्लीत तीन जणी देतात. चार पोळ्या, भाजी, वरण, भात, आणि सणाला न मागता पुरणपोळी येते डब्यात. दुपारचा डबा लाव, रात्री खिचडी रूमवरच लावत जा, एक छोटा कुकर घे.

आणि बाहेरचं बंद करू नकोस, आठवड्यातला एक दिवस ठरव. शनिवारी रात्री मित्रांबरोबर सराफा, मनसोक्त. रोज खाल्लं की त्याची चव मरते, आठ दिवस वाट बघितली की तीच कचोरी वेगळी लागते. पित्त चार-सहा दिवसांत कमी झालं नाही तर डॉक्टरकडे जा, अंगावर काढू नकोस, परीक्षा जवळ आहे. आणि आईला फोन कर आज, जेवलास का विचारेल, खरं सांग.

मी ठाण्याची. इंदूरला दोनदा पोहे खाऊन आले, तसे घरी करायला गेले तर नेहमीचे कांदेपोहेच होतात. मसालाही तिथूनच आणला होता. काय चुकतंय?
— एक वाचक, ठाणे

मसाला नाही, चूल चुकतेय. आपण कांदेपोहे परततो आणि इंदूरवाले पोहे वाफवतात, सगळा फरक तिथे आहे. ठेल्यावर कधी जरा वाकून बघा, पोह्यांच्या मोठ्या भांड्याखाली दुसरं भांडं असतं, त्यात पाणी खदखदत असतं, आणि पोह्यांचा पिवळा ढीग त्या वाफेवर सकाळी साडेसहापासून बसलेला असतो. विस्तव पोह्यांना लागतच नाही. म्हणून ते कोरडे होत नाहीत आणि चिकटतही नाहीत, बोटात धरला तर एकेक दाणा सुटा आणि तरी ओला.

घरी असं करा. जाडे पोहे घ्या, चाळणीत धुवा, पाणी पूर्ण निथळू द्या, मीठ, साखर, हळद लावून दहा मिनिटं झाकून ठेवा. साखरेचा हात जरा सैल असू द्या, इंदूरचे पोहे किंचित गोडसर असतात. फोडणी अगदी कमी तेलाची, मोहरी, बडीशेप, जाडसर कुटलेले धणे, हिरवी मिरची. शेंगदाणे नाहीत, बटाटा नाही, आणि कांदा फोडणीत अजिबात नाही. ती फोडणी पोह्यांवर घालून हलक्या हाताने मिसळा, आणि मग भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून झाका, पंधरा मिनिटं. मधे एकदा खालून वर करा. झालं.

कांदा वरून, कच्चा, बारीक चिरलेला. मग शेव, मग कोथिंबीर, मग लिंबू, कुठे कुठे खारी बुंदी आणि डाळिंबाचे दाणेही, आणि सगळ्यात शेवटी चिमूटभर जीरावन. जीरावन तुम्ही आणलंत ते बरं केलंत, पण ते फोडणीत टाकलं असेल तर वाया गेलं. त्यात भाजलेलं जिरं, धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, मिरी, तमालपत्र, जायफळ, सुंठ, हिंग, आमचूर, काळं मीठ असं सगळं असतं, ते वरून भुरभुरायचं असतं, जिभेला पहिल्यांदा तेच लागलं पाहिजे. माझी आई ते घरी करायची, खलबत्त्यात, आणि कुटताना सगळ्या वाड्यात शिंका यायच्या.

एक गोष्ट मात्र घरी जमत नाही हे कबूल करते. ठेल्यावरचे पोहे तासन्‌तास वाफेवर मुरलेले असतात, चार माणसांच्या पोह्यांना ते मुरणं मिळत नाही. पंधराऐवजी पंचवीस मिनिटं मंद वाफेवर ठेवून बघा, बरंचसं जवळ जाल.

नॉनव्हेज खाणाऱ्यांनी इंदुरात काय करायचं? सगळे शेव आणि जिलबीच सांगतात.
— एक वाचक, कोल्हापूर

छप्पनला जॉनी हॉट डॉग. नाव हॉट डॉग असलं तरी सॉसेज वगैरे नाही, तव्यावर शेकलेल्या बनमध्ये पॅटिस असतं, मटणाचंही मिळतं, आणि अंड्याचं बेंजो म्हणजे बनमध्ये दुमडलेलं ऑम्लेट. अर्ध्या इंदुराच्या कॉलेजच्या दिवसांचं ते जेवण आहे. पण कोल्हापूरच्या माणसाला तांबड्या रश्श्याच्या अपेक्षेने इथे आणणार नाही मी, या शहराची जीभ शाकाहारीच आहे, चार दिवस तिच्याबरोबर चला.

मी सुदामा नगरची, म्हणजे परकी नाही. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हा सराफ्यात जाणं म्हणजे सण होता. आता मोमोज, नूडल्स, चीज घातलेलं काहीबाही, आणि पाऊल ठेवायला जागा नाही, निम्मे लोक खायच्या आधी मोबाइल वर धरून उभे. यजमान म्हणतात चल, माझं मन होत नाही. मी चुकतेय का?
— एक वाचक, इंदूर

चुकत नाही आहात. तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस विचार करत होते, कारण हेच मला स्वतःला वाटत आलंय.

मी सहा-सात वर्षांची असेन, बाबा सायकलवर पुढे बसवून न्यायचे. रात्रीचे दहा, थंडी, माझ्या कानाला मफलर, आणि सराफ्याच्या तोंडाशीच तुपाचा आणि कोळशाचा वास यायचा. बाबा एकच गोष्ट घ्यायचे, एका रात्री एकच. आज गराडू तर गराडूच. ठेलेवाला मोठ्या सपाट तव्याच्या कडेला गराडूचे तुकडे रचून ठेवायचा, अर्धे तळलेले, फिकट, आणि ऑर्डर आली की तेवढेच मधल्या गरम तेलात ढकलायचा, मग बाहेरून तांबूस झाले की पलट्याच्या धारेने कापून द्रोणात, वर मसाला, वर लिंबू. तो द्रोण इतका गरम असायचा की बाबा खाली आपला तळहात धरायचे आणि मी खायचे. माझ्यासाठी सराफा म्हणजे आजही तो तळहात.

तर मोमोजवर माझा राग नाही, मुलांना आवडतात तर खावेत, पण त्यासाठी शहरात शंभर जागा आहेत. सराफ्याची गल्ली अरुंद, दोन्हीकडे जुनी दुकानं, त्यात जितके ठेले वाढले तितकी गर्दी आणि तितके गॅसचे सिलिंडर वाढले. सराफ व्यापाऱ्यांनी याची तक्रार केली, इथे परंपरेतलेच पदार्थ राहू द्या अशी मागणी झाली, आणि मी पूर्णपणे त्या बाजूची आहे. ठेले कमी झाले तर चालतील, भुट्ट्याचा कीस, गराडू, मावाबाटी (खव्याची मिठाई), मालपुवा, खिचडी हे गेलं तर मात्र सराफ्यात सराफा उरणार नाही. एखाद्या सणासुदीच्या रात्री तिथे आग लागली तर काय होईल हा विचारसुद्धा करवत नाही.

पण म्हणून जाणं सोडू नका. शनिवार-रविवार टाळा, मंगळवारी किंवा बुधवारी जा, नऊला पोचा, ठेले नुकते मांडलेले असतात, तेल ताजं असतं, करणाऱ्याला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस खायला जा, कारण तेव्हा माळव्यातलं देशी पांढरं कणीस येतं. स्वीट कॉर्नचा कीस वर्षभर मिळतो पण तो गोड गोड लागतो आणि पातळ राहतो, देशी कणसाचा तुपात, हिंगाच्या फोडणीत, दूध घालून आटवलेला कीस दाट होतो, कढईची खरवड लागते त्याला. ठेलेवाल्याला सरळ विचारा, भिया, देसी भुट्टा है क्या. हो म्हणाला तरच घ्या. आणि यजमानांना म्हणा एका रात्री एकच पदार्थ. गर्दीत पाच गोष्टींच्या मागे धावलं की वैताग येतो, एकीसाठी गेलं की येत नाही.

गल्लीतला कचोरीवाला विसरू नका. हिवाळ्यात बटल्याची कचोरी (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, मटाराला इथे बटला म्हणतात) आपल्या नाक्यावरच्या माणसाची सकाळी आठला जी लागते ती कोणत्याही नावाजलेल्या दुकानात लागत नाही, कारण ती त्या मिनिटाला कढईतून निघालेली असते.

आम्ही नागपूरचे. इंदूरला पोचतो त्याच दिवशी एकादशी आहे, मी आणि आई दोघी धरतो. सराफ्यातली साबुदाणा खिचडी चालेल का?
— एक वाचक, नागपूर

चालेल, पण समोर उभं राहून करून घ्या. इथली खिचडी आपल्यासारखी तूप-जिऱ्याची फोडणी आणि दाण्याचं कूट घालून परतलेली नसते. पांढराशुभ्र साबुदाणा वाफेवर मोकळा करून ठेवलेला असतो, तुम्ही मागितलं की एका भांड्यात काढून त्यात मिरची, मसाला, लिंबू, कोथिंबीर आणि वरून फराळी चिवडा किंवा शेव घालून तिथल्या तिथे कालवतात. अडचण त्या वरच्या गोष्टींची. शेव बेसनाची असते आणि जीरावनमध्ये हळद, हिंग असू शकतं, तुमच्याकडे हे चालत नसेल तर आधीच सांगा, "उपवास का है, फरियाली डालना, सेव-मसाला नहीं". त्यांना सवय आहे, एकादशीला अर्धी गल्ली हेच मागते. मसाल्याऐवजी सैंधव मीठ आणि मिरची पुरे. आईंना कोथिंबीर चालत नसेल तर तेही त्याच दमात सांगून टाका, कारण त्यांचा हात फार वेगात चालतो, एकदा पडलं की पडलं.

ताई, मी बडोद्याची. आमची शेव-उसळ आणि तुमचे उसळ-पोहे, खरं सांगा, वरचढ कोण?
— एक वाचक, बडोदा

माझी मावशी बडोद्याला दांडिया बाजारात होती, दर मे महिन्यात शेव-उसळ खाल्लीय मी, त्यामुळे खरंच सांगते. नुसती उसळ म्हणाल तर तुमची. वाटाण्याची उसळ, वेगळी मिळणारी ती लालभडक तरी, हिरवा पातीचा कांदा, शेव आणि पाव, घाम पुसत पुसत खायचं. आमच्याकडे उसळ पाहुणी आहे, यजमान पोहेच, ती पोह्यांना ओलं करायला येते. पण मला दोन्हीत दिसतो तो एकच हात. गायकवाडांच्या आणि होळकरांच्या मागून जी मराठी माणसं देशावरून इतक्या लांब गेली त्यांनी उसळ सोडली नाही, फक्त तिथल्या शेवेशी तिची सोयरीक जुळवली. तुम्ही या एकदा हिवाळ्यात, सकाळी माझ्याबरोबर राजवाड्यावर, मग आपण परत बोलू.

परत येताना काय बांधून आणू?
— एक वाचक, नाशिक

लवंगेची शेव, जीरावन, आणि छोट्या कोरड्या कचोऱ्या. शेव रतलामीही घ्या, तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि रतलाम इथून लांब नाही. मावाबाटी घेतली तर त्याच दिवशी संपवा, प्रवासात ती टिकत नाही.

मी मुंबईची. मागच्या डिसेंबरात इंदूरहून दोन किलो कच्चे गराडू आणले. सोलताना हाताला इतकी खाज सुटली की रडायची वेळ आली, आणि तळले तर बाहेरून करपले, आतून कच्चे. यंदा परत आणणार आहे, नीट सांगा.
— एक वाचक, दादर

गराडू हा आपल्या कोनफळाच्या जातकुळीतला कंद, पण आतून पांढरा, आणि त्याच्या चिकाने खाज सुटते ती सगळ्यांनाच सुटते. सोलायच्या आधी दोन्ही हातांना, मनगटापर्यंत, खोबरेल किंवा कोणतंही तेल चोळा. हात ओले नकोत. सोलून मोठे तुकडे करा आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाका, दहा मिनिटांनी काढून कापडाने पूर्ण कोरडे करा, पाणी राहिलं तर तेल अंगावर उडतं.

आता तळणं. तुम्ही एकदाच तळलेत म्हणून बिघडले, ते दोनदा तळायचे असतात. पहिल्यांदा मंद आचेवर, रंग येऊ द्यायचा नाही, सुरी आत सहज गेली पाहिजे एवढंच बघायचं, घाई केलीत की करपणार. मग काढून गार होऊ द्या, अगदी तासभर ठेवले तरी चालतात, म्हणून पाहुणे यायच्या आधीच एवढं करून ठेवता येतं. पाहुणे ताटावर बसले की मग त्या मोठ्या तुकड्यांचे बोटभर तुकडे करा आणि कडकडीत तेलात दोन मिनिटं, बाहेरून तांबूस आणि खुसखुशीत, आतून लोण्यासारखे. काढल्या काढल्या जीरावन आणि मीठ भुरभुरा, गरम असतानाच मसाला धरतो.

दिवाळीनंतर बाजारात येतात, फेब्रुवारीपर्यंत मिळतात, त्यातही कडाक्याच्या थंडीतले जानेवारीचे घ्या. हाताला जड लागणारे, साल न सुरकुतलेले बघून घ्या. आणि लिंबू पिळायचं ते खाणाऱ्याने आपापल्या द्रोणात, सगळ्यांवर एकदम पिळून ठेवलं तर पाच मिनिटांत मऊ पडतात.